चाळीस दुकानांत पोस्टर आणि अकरा तिकिटं: सांगलीत स्वतःच्या चित्रपटाचा शो लावताना

सांगलीच्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी मित्रांच्या मदतीने, घरचे पैसे घालून ८५ मिनिटांचा मराठी चित्रपट केला आहे. गोष्ट तासगाव भागात बेदाणा शेडवर काम करणाऱ्या एका बाईची. वितरक मिळाला नाही, म्हणून हॉल भाड्याने घेऊन, तिकीट लावून एका रविवारी संध्याकाळी सात वाजता स्वतःच शो करायचा आहे. दोनशे पोस्टर छापून झाली आहेत. त्यांतली चाळीस दुकानांत लावली. सगळे "लावा की" म्हणाले, पण आठ दिवसांत तिकिटं गेली अकरा. आता विचारतात, आणखी किती दुकानं करू? प्रायोजक कसे मागू? दुकानदाराला पैसे द्यावे लागतात का?

मी गेली अठरा वर्षं सांगली-मिरजेत नाटकांचे प्रयोग आणि लहान चित्रपटांचे शो लावतो. त्याआधी वडिलांच्या छापखान्यात नाटकांची हँडबिलं छापत होतो, म्हणजे जाहिरातीचा कागद हाताळत आयुष्य गेलंय. तुमचा प्रश्न वाचून जीव तुटला, कारण माझ्या पहिल्या चित्रपटाच्या शोला मीही अगदी हेच केलं होतं. चार पोरं घेऊन दोन दिवसांत साठ दुकानं केली. मोठं नाट्यगृह घेतलं. आली एक्केचाळीस माणसं. त्या दिवशी शो संपल्यावर मी दारात उभा राहून प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कुठं कळलं? बहुतेकांनी कुणा ना कुणा माणसाचं नाव सांगितलं. दुकानातलं पोस्टर बघून आलेले दोघं होते, आणि त्यातला एक त्या दुकानात कामाला होता.

तेव्हापासून मला एक गोष्ट पटली आहे. मोठ्या चित्रपटाचं पोस्टर आठवण करून देतं. लोकांनी गाणी ऐकलेली असतात, नट टीव्हीवर येऊन गेलेले असतात, पोस्टर दिसलं की "अरे, हा लागला वाटतं" एवढंच डोक्यात यायचं बाकी असतं. तुमच्या चित्रपटाचं नाव कुणीच ऐकलेलं नाही, मग पोस्टर कशाची आठवण करून देणार? इथे कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं. आणि पेठेत हे सांगणारा माणूस म्हणजे दुकानदार. गिऱ्हाईक त्याला डॉक्टर कुठला चांगला तेही विचारतं आणि पोराला क्लास कुठला लावू तेही विचारतं. तुम्ही त्याच्याकडून काचेवरची जागा मागितलीत आणि त्याने ती लगेच दिली, कारण त्यात त्याचं काहीच जात नाही. त्याचा शब्द तुम्ही मागितलाच नाही.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तपासून घ्या.

पहिली म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्र. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. तिकीट लावलं काय किंवा फुकट दाखवलं काय, त्याने फरक पडत नाही. ते हातात नसेल तर दुकानांचं काम आजच थांबवा आणि आधी ते मिळवा. असेल तर वर्ग पोस्टरवर ठळक छापा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न बऱ्याचदा "घरच्यांना घेऊन बसता येतंय का?" हाच असतो. तिकिटावरच्या जीएसटीचं आपल्या सीएला एकदा विचारून ठेवा.

दुसरी म्हणजे हॉल. ही सांगली नाट्यपंढरी आहे, भावे नाट्यमंदिरात आपला शो व्हावा असं इथल्या प्रत्येक पोराला वाटतं. मलाही वाटायचं. पण पहिल्या शोला दीडशे खुर्च्यांची जागा भरलेली असणं मोठ्या जागेत तेवढीच माणसं विखरून बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. भरलेल्या जागेतून बाहेर पडणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात "जागा नव्हती रे" असं सांगतो आणि दुसरा शो त्यावर लागतो. हॉलची तारीख पैसे भरल्याच्या पावतीसह हातात आल्याशिवाय एकही कागद छापू नका. माझी एकदा तोंडी ठरलेली तारीख छपाईनंतर बदलली. साठ पोस्टरांवर नवीन तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवत फिरलो, तरी जुन्या तारखेला सात-आठ कुटुंबं बंद दारापर्यंत येऊन परत गेली. त्यातली पुन्हा किती आली असतील?

तिसरी म्हणजे दिवस. तुमचा विषय बेदाण्याचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष उतरून शेडवर येत असतं, तेव्हा ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यातलं कुणीही येऊ शकणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की गावभागापासून पेठेपर्यंत सगळ्यांचं लक्ष पाण्यावर असतं. २०१९ च्या महापुरानंतर तर दुकानदार माल वरच्या फळीवर हलवायच्या तयारीत असतात. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. तुमची तारीख यांपैकी कशात येत असेल तर शो पुढे ढकला, तेवढं नुकसान सोसा.

आता मुख्य गोष्ट, दुकानात जाऊन बोलायचं काय. एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या बँडवाल्यावर केलेल्या एका छोट्या चित्रपटाचा शो मी लावला होता. दिग्दर्शक मुलगी हुशार, पण लाजरी. आम्ही गणपती पेठेत एका भडंगाच्या दुकानात गेलो. मालक कागदाचे पुडे बांधत होते. त्यांनी विचारलं, "पिक्चर कशावर हाय?" ती म्हणाली, "काका, ही एका कलावंताच्या अस्तित्वाच्या शोधाची गोष्ट आहे." मालकांनी मान हलवली, "बरं. लावा की तिकडं, फ्रिजच्या बाजूला." दोरा तोडून पुढचा पुडा घेतला. मी म्हणालो, "अण्णा, लग्नात बँड वाजवणारा माणूस आहे. त्याच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नाची तारीख ठरते, आणि त्याच तारखेची सुपारी त्याने आधीच घेतलेली असते." त्यांचा हात थांबला. "मग? जातो का वाजवायला?" मी म्हटलं, "रविवारी कळेल." अण्णा हसले, आणि तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाला पुडा देता देता त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, "ऐका, बँडवाल्याच्या पोरीचं लगीन..." त्या एका दुकानातून बावीस तिकिटं गेली.

तुमच्या चित्रपटाचं असं एक वाक्य आधी शोधा. "बेदाणा शेडवरच्या बाईचं जगणं" हा विषय झाला. तिला काय हवंय आणि कुठं अडलंय, हे एका दमात सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने "मग?" विचारलं पाहिजे. घरात आईला, रिक्षावाल्याला, चहावाल्याला सांगून बघा. जो "मग?" विचारत नाही त्याच्यापाशी वाक्य बदला. माझ्या अनुभवात दोन-तीन दिवस यात जातात आणि ते सगळ्यात कामी येतात. तुमच्या पोस्टरवर, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, महोत्सवांची चार चिन्हं आहेत आणि हे वाक्य कुठेच नाही. त्या चिन्हांचं मोल तुम्हाला आणि मला कळतं. भुसारी दुकानात त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

मग दुकानं कुठली? चाळीस पुरे झाली, त्यातली बारा निवडा. निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: मालक गल्ल्यावर स्वतः बसतो का, आणि गिऱ्हाईक तिथे दोन मिनिटं थांबतं का. सुपर मार्केटमध्ये शेकडो माणसं येतात पण बिल करणारी मुलगी कुणाशी बोलत नाही. याउलट सलून, टेलर, झेरॉक्स, चष्म्याचं दुकान, पिठाची गिरणी, इथे माणूस थांबतो आणि थांबला की बोलतो. पिठाच्या गिरणीला कुणीच विचारत नाही, पण डबा ठेवून उभ्या असलेल्या बायका हा तुमच्या चित्रपटाचा पहिला प्रेक्षकवर्ग आहे असं मला वाटतं. विश्रामबागकडे कॉलेज आणि अभ्यासिकांच्या भोवतालच्या चहाच्या टपऱ्या एखाद-दुसरी घ्या, तिथली मुलं एकटी येत नाहीत, सहा-सात जणांचं टोळकं येतं.

आणि बारापैकी निम्मी दुकानं चित्रपटाच्या आतून निवडा. तुमच्याकडे हे इतकं मोठं घबाड आहे आणि तुम्ही ते वापरलेलंच नाही. तुमच्या गोष्टीत शेड आहे म्हणजे डिपिंग ऑइल (द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात ते) विकणारं कृषी सेवा केंद्र आहे, जाळी आणि रॅकचं सामान विकणारा आहे, बेदाण्याचे बॉक्स पुरवणारा आहे, कोल्ड स्टोअरेजवाला आहे, मार्केट यार्डातला अडत्या आहे, सुक्या मेव्याचा दुकानदार आहे. या प्रत्येकाला आपला धंदा पडद्यावर कसा दिसतोय याची उत्सुकता असणार. या माणसांकडे पोस्टर घेऊन जाऊच नका. लॅपटॉप घेऊन जा आणि शेडचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा दाखवा. घड जाळीवर पसरताना, वाळलेला माल झाडताना, निवडायला बसलेल्या बायका. चूक असेल तर ते लगेच सांगतील, आणि बरोबर असेल तर स्वतःच्या पोराला हाक मारून दाखवतील. माझ्या बँडवाल्याच्या शोला मिरजेतल्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याने असा तुकडा बघितला आणि शोच्या दिवशी तो ओळखीची तीन बँड पथकं घेऊन आला. ती माणसं पोस्टर बघून कधीच आली नसती.

मात्र यात एक धोका आहे. शेडमालकाबद्दल तुमच्या चित्रपटात काही कडू असेल, मजुरी बुडवणं वगैरे, तर ते आधीच सांगा. तिकिटं विकून दिलेल्या माणसाला अंधारात पडद्यावर पहिल्यांदा ते कळलं तर तो विश्वासघात होईल. एखादा अडत्या मागे हटेल. हटू द्या. जो ऐकूनही थांबला तो तुमचा.

कधी जायचं याला फार महत्त्व आहे. सकाळी बोहनी व्हायच्या आत जाऊ नका, काही न घेता मागायला आलेला माणूस त्या वेळी कुणालाच नको असतो. दिवाबत्तीची वेळ टाळा. मला साडेअकरा ते साडेबारा आणि दुपारी चारच्या आसपासची वेळ लाभते. आणि चार-पाच पोरांनी मिळून कधीही जाऊ नका. पेठेतल्या दुकानदाराने वर्षभर वर्गणीचे जथे बघितलेले असतात. हातात पावतीपुस्तक आणि मागे पोरं दिसली की त्याचा चेहरा बंद होतो. मग तुम्ही कितीही चांगलं बोला, तो शंभर रुपये काढून देईल आणि सुटका करून घेईल. एकटे जा, फार तर दोघं. त्याच्या दुकानातलं काहीतरी घ्या. गिऱ्हाईक आलं की बोलणं अर्ध्यात थांबवून बाजूला व्हा.

आता पैशांचं. प्रायोजकत्व मागू नका असं मी म्हणणार नाही, पण तुमच्यासारख्या एका शोला ते फारसं उपयोगी पडत नाही. पडद्यावर नाव दाखवण्याचे दोन हजार रुपये देणारा दुकानदार ते दान म्हणून देतो आणि विसरतो. तेच दोन हजार त्याने तिकिटांत घातले तर माणसं आणायची त्याला स्वतःलाच गरज पडते. म्हणून मी तिकिटं विकतो. समजा तिकीट शंभर रुपये. दुकानदाराला ऐंशीने द्या. त्याने शंभरला विकावं, वीस त्याचे, किंवा चांगल्या गिऱ्हाइकाला आपल्यातर्फे फुकट द्यावं. सराफ आणि कापड दुकानदार दुसरा मार्ग पसंत करतात, त्यांना गिऱ्हाइकाला काहीतरी द्यायला आवडतं. तिकिटावर त्यांचा शिक्का मारायला जागा सोडा.

"विकतील तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेली परत घेतो" अशी सवलत बहुतेक जण देतात. पंचवीस तिकिटं अशी ठेवली की ती ड्रॉवरमध्ये उदबत्तीच्या पुड्याखाली जातात आणि रविवारी सकाळी पंचवीसच्या पंचवीस परत येतात. तोवर तुम्ही ती विकली गेली असं धरून बसलेले असता. मी पाचच देतो, पण रोख. संपली की फोन येतो आणि मी पंधरा मिनिटांत आणखी पाच पोचवतो. ज्याची ऐपतच नाही, टपरीवाला किंवा शिवणकाम करणारी ताई, त्यांना मात्र परतीच्या बोलीवर द्या, तिथे नियम वाकवा.

प्रत्येक दुकानाला तिकिटांचे वेगळे क्रमांक द्या आणि एका वहीत लिहा. अर्धुकं दारात फाडून ठेवलं की कुठल्या दुकानातून किती माणसं खरोखर आली ते रात्री मोजता येतं. पैसे दुकानदाराच्याच गल्ल्यात किंवा त्याच्याच क्यूआर कोडवर जाऊ द्या. काउंटरवर तुमचा दुसरा कोड ठेवला की किराणाचे पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तिकिटाचे त्याच्या, मग भांडण.

दुकानदाराला परत काय मिळेल याचाही विचार करा. हॉलजवळच्या चहावाल्याशी आणि भडंगवाल्याशी मी ठरवतो: तिकिटाचं अर्धुकं दाखवलं की काहीतरी सवलत. शो सुटल्यावर दीडशे माणसं त्याच्या दारात उभी राहिली की पुढच्या वेळी तोच विचारतो, "आता कवा लावताय?"

व्हॉट्सॲप स्टेटस विसरू नका. बारा दुकानांसाठी बारा वेगळी चित्रं करा, प्रत्येकावर त्या दुकानाचं नाव आणि "तिकिटं इथे मिळतील". स्वतःच्या दुकानाचं नाव असलेलं चित्र माणूस आनंदाने लावतो, नुसतं तुमचं पोस्टर लावत नाही. बहुतेक दुकानांत हे काम मालकाचा मुलगा किंवा सून बघते, तेव्हा चित्र त्यांच्या नंबरवर पाठवा आणि बुधवारी, शुक्रवारी, रविवारी सकाळी लावायला सांगा. तीस सेकंदांची उभी चित्रफीत दिलीत तर आणखी उत्तम. चौकात फ्लेक्स मात्र परवानगीशिवाय लावू नका. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे, आणि तसाही चौकातला फ्लेक्स वाढदिवसांच्या गर्दीत हरवतो.

तुमच्या शोची वेळ सातची आहे, ती चारची करा असं मी सुचवेन. तासगावहून शेडवरच्या बायका याव्यात अशी तुमची इच्छा तुम्ही प्रश्नात लिहिली आहे. सातचा शो पावणेनऊला सुटला तर त्यांना परत जायला एसटी कुठली, जेवण कधी, सकाळी कामावर कसं जायचं? कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा, तो एखाद्या शेडमालकाला गाडीसाठी तयार करू शकेल. त्या बायकांकडून तिकीट घेऊ नका. तुमच्या चित्रपटाला खरे प्रेक्षक तेच आहेत, आणि त्या पुढच्या रांगेत बसलेल्या दिसल्या तर बाकीच्या हॉलला चित्रपट वेगळाच दिसेल.

तिकीट लावायची तुम्हाला लाज वाटते असंही तुम्ही लिहिलंय, आपल्याच गावात आपल्याच माणसांकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच सांगलीत पहिला खेळ केला तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय संपला, आणि दोन वर्षांत भाव्यांनी मुंबईला जाऊन तिकीट लावून खेळ केले. त्यांची मंडळी जगली ती त्या तिकिटावर. तुम्ही घरचे पैसे घातले आहेत. शेडवरच्या बायका सोडल्या तर कुणालाही निम्मं तिकीट नको, फुकट पास नकोत. शंभर रुपये मोजून आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो.

उरलेल्या एकशेसाठ पोस्टरांचं काय करायचं? वीस ठेवा. वरच्या चिन्हांवर तुमच्या त्या एका वाक्याची पट्टी चिकटवा, खाली "तिकिटं इथे मिळतील" आणि वेळ. काचेच्या आतल्या बाजूने, स्वतःची चिकटपट्टी घेऊन, मालाआड येणार नाही असं लावा. बाकीची छापखान्यात परत न्या, मागची कोरी बाजू वापरून त्यांच्या हँडबिलाच्या आकाराच्या चकत्या कापून मिळतात. त्यावर वाक्य, दिवस, वेळ, जागा, दर एवढंच छापून गिरणी आणि झेरॉक्सच्या काउंटरवर ठेवा.

आणि सोमवारी सकाळी, बोहनी झाल्यावर, बाराही दुकानांत परत जा. पोस्टर स्वतःच्या हाताने काढा, काचेवरचा चिकटा ओल्या फडक्याने पुसा. कमिशन राहिलं असेल तर न मागता द्या. वही उघडून दाखवा, "अण्णा, तुमच्याकडची चौदा गेली आणि तेरा माणसं आली." बहुतेक जण विचारतील, चौदावा कोण? कारण त्यांना तो माणूस कोण ते माहीत असतं, आणि संध्याकाळी ते त्याला विचारणार असतात, का नाही आलास म्हणून. त्यांना दुसऱ्या शोची तारीख तेव्हाच सांगा.